ओटा किती उंच, कपाटं किती खोल: रोजच्या स्वयंपाकाच्या मापाने किचन आखताना

ओट्याची उंची बहुतेक घरांत कोणी ठरवतच नाही. नागपुरात बेसा, मनीष नगरकडच्या नव्या फ्लॅटमध्ये बिल्डरने आधीच ग्रॅनाइट टाकून ठेवलेलं असतं. महाल, इतवारीतलं जुनं घर दुरुस्त करताना मिस्त्री "३४ ठेवतो, सगळीकडे तेच असते" म्हणून मोकळा होतो. मग पुढची वीस वर्षं त्या घरात कोणीतरी खांदे उचलून पोळ्या लाटतं, नाहीतर कंबर वाकवून भांडी घासतं. पैसा शटरच्या रंगावर आणि चिमणीवर जातो, दुखणं मात्र दोन-तीन इंचांच्या फरकातून येतं. म्हणून लॅमिनेटचे नमुने बघायच्या आधी टेप हातात घ्या.

कोपरापासून सुरुवात

रोज सगळ्यात जास्त वेळ ओट्याशी जी व्यक्ती असते, तिला भिंतीला पाठ लावून उभं करा. स्लीपर घालून स्वयंपाक होत असेल तर स्लीपर घालूनच. खांदे सैल सोडायचे, कोपर काटकोनात वाकवायचं आणि फरशीपासून कोपराच्या हाडापर्यंत माप घ्यायचं. पाच फूट उंचीला हे माप साधारण ३७ ते ३८ इंच येतं, पाच फूट चार इंचाला ४० च्या आसपास. पुढची सगळी मापं याच एका आकड्यातून निघतात.

भाजी निवडायला, चिरायला ओटा कोपराच्या ४ इंच खाली हवा. कणीक मळायला आणि पोळ्या लाटायला ६ इंच खाली, कारण पोळपाटच दीड-दोन इंच उंच असतो आणि वरून अंगाचा भार द्यावा लागतो. भाकरी थापतानाही तेच. परात उंचावर आली की सगळा जोर मनगटावर येतो.

सिंकचं उलट आहे. हात चालतात ते सिंकच्या तळाशी, आणि तळ ८-९ इंच खोल असतो. त्यामुळे सिंकची कड कोपराच्या फार तर २-३ इंच खाली ठेवायची. सिंक घेताना १० इंच खोलीचा मोह टाळलेला बरा. कढया, गंज (उंच पातेली) मावतात हे खरं, पण ठेंगण्या माणसाला रोज दोनदा वाकून तळ गाठावा लागतो.

शेगडीचा हिशेब बरेच जण विसरतात. ओट्यावर ठेवायची शेगडी चार-पाच इंच उंच. तिच्यावर वरणाचा गंज आठ-नऊ इंचांचा. ओटा ३४ वर असेल तर त्या गंजाचा काठ जमिनीपासून ४७ इंचांवर जातो, आणि पाच फुटी माणसाचा खांदाच ४९ इंचांच्या आसपास असतो. पुरण घोटताना हात जवळजवळ खांद्याइतका वर ठेवावा लागतो, वाफ सरळ तोंडावर येते आणि आत काय चाललंय ते टाचा उंचावून बघावं लागतं. म्हणून जमेल तिथे शेगडीखालचा ओटा कामाच्या ओट्यापेक्षा ३ ते ४ इंच खाली घ्या.

ही पायरी कुठे आणायची हेही ठरवून घ्या. सरळ ओट्याच्या मधोमध आणली तर गरम गंज सरकवताना तो कडेला अडकतो आणि सांडतो. एल आकाराचा ओटा असेल तर पायरी कोपऱ्यावर आणा. दगडाचा जोड तिथे येतोच. ओटा एकाच भिंतीला सरळ असेल तर पायरीच्या भानगडीत न पडता दगडात बसवायची शेगडी (हॉब) घ्या, तेवढ्याने दोन-तीन इंच वाचतात.

कोपर ३८ इंचांवर असेल तर हिशेब असा निघतो: चिरायला ३४, लाटायला ३२, शेगडीखाली ३०, सिंकची कड ३५. चार उंच्या कोणी बांधत नाही. कामाचा ओटा सलग ३३ ठेवा, त्याच ओट्यात ८ इंची उथळ सिंक बसवा आणि शेगडीची बाजू ३० वर घ्या, एवढ्यात बहुतेक घरांचं काम भागतं.

स्वयंपाक करणाऱ्या दोघी असतील आणि सासूबाई-सुनेच्या उंचीत चार-पाच इंचांचा फरक असेल तर? आमचं स्पष्ट मत, ठेंगण्या व्यक्तीच्या मापाने ओटा करा. कमी उंचीच्या ओट्यावर उंच व्यक्तीसाठी दोन इंच जाडीचा सागवानी पाट ठेवता येतो. साधारण १८ बाय २४ इंचांचा, खाली रबरी बूच लावलेला, म्हणजे चिरताना सरकत नाही. उंच झालेला दगड मात्र कापून खाली आणता येत नाही. आधीच उंच ओटा वाट्याला आला असेल तर पायाखाली ओट्याच्या पूर्ण लांबीचा, निदान १८ इंच रुंदीचा चबुतरा करून घ्या. छोटा पाट किंवा स्टूल ठेवू नका. हातात उकळतं अधण असताना त्याच्यावरूनच पाय घसरतो.

आकडा ठरला तरी दगड कापायच्या आधी एकदा करून बघा. इस्त्रीचं टेबल बहुतेक घरांत असतं आणि त्याची उंची बदलता येते. ते ३३ वर लावा, जवळ उभं राहून सांभार (कोथिंबीर), भाजी चिरण्याचा हात करून बघा. त्यावर भार मात्र टाकू नका, ते डगमगतं. लाटण्यासाठी डायनिंग टेबलावर जाड फळ्या रचून उंची आणा आणि घरच्या सगळ्यांच्या पोळ्या तिथेच लाटा. चार पोळ्यांनंतर खांदा बोलू लागतो. इंचभर वरखाली करून पुन्हा लाटा.

माप तयार फरशीपासून

सगळ्यात महागात पडणारी चूक इथे होते. ओट्याचे उभे कडप्पे आधी बसतात आणि टाइल्स नंतर. खालचा सिमेंटचा थर आणि टाइल मिळून दोन ते तीन इंच जातात. कच्च्या जमिनीपासून ३३ मोजलेला ओटा घरात राहायला जाईपर्यंत साडेतीस होतो. मिस्त्रीला लेव्हल पाइप लावून चारही भिंतींवर एक आडवी रेघ मारायला सांगा आणि तयार फरशी त्या रेघेच्या किती खाली येणार हे भिंतीवरच लिहून ठेवा. ओटा, वीज-बोर्ड, वरची कपाटं, सगळी मापं त्या रेघेवरून घ्यायची. मिक्सर-इंडक्शनचे बोर्ड ओट्याच्या वर ८ ते १० इंचांवर, सिंकपासून निदान दोन फूट लांब.

ओट्याखालची जागा

ओटा ३३ चा असेल तर ग्रॅनाइटचा पाऊण इंच आणि खालचा ४ इंचांचा पाया वजा करून कपाटाला जेमतेम २८ इंच मिळतात. तो पाया आतल्या बाजूला ३ इंच सरकवलेला हवा, म्हणजे पायाची बोटं आत जातात आणि माणूस ओट्याला चिकटून उभा राहू शकतो. पाया सरळ समोर आणला तर शरीर तीन इंच मागे राहतं आणि तो सगळा ताण पाठीवर जातो. आपल्याकडे किचन पाणी टाकून धुतलं जातं, वायपरने ओढलं जातं, त्यामुळे हा पाया दगडाचाच करा. प्लायचा केला तर दोन-तीन पावसाळ्यांत फुगतो. पीव्हीसी पायांवर कपाट बसवत असाल तर समोरची पट्टी क्लिपने निघणारी घ्या, आत झाडू-पोछा जायला हवा. नाहीतर झुरळांचं ते कायमचं घर होतं.

दाराच्या कपाटापेक्षा ट्रॉल्या सोयीच्या आहेत, यात दुमत नाही. गुडघ्यावर बसून मागचा डबा काढायचे दिवस त्यांनी संपवले. २८ इंचांत तीन ट्रॉल्या नीट बसतात: वरची ६ इंचांची, मधली ९ ची, खालची १३ ची. हे समोरच्या पट्टीचं माप झालं. आत वापरायला प्रत्येकीत दोनेक इंच कमीच मिळतात. म्हणजे वर चमचे, झारे, मिसळणाचा (मसाल्याचा) डबा. मध्ये वाट्या, पेले आणि डाळींचे ७ इंचांपर्यंतचे डबे. खाली कुकर, गंज, कढया. हे ठरवायच्या आधी घरातली भांडी खरोखर मोजा, कुकर झाकण आणि शिट्टीसकट. १५ किलोचा तेलाचा पिपा सुमारे १४ इंच उंच असतो. तो खालच्या ट्रॉलीत मावणार नाही, हे नंतर कळण्यापेक्षा आधी कळलेलं चांगलं. त्याला दाराचं कपाट लागेल.

आधीच्या कडप्प्याच्या ओट्यात ट्रॉल्या बसवत असाल तर दोन उभ्या दगडांमधलं अंतर वर, मध्ये, खाली आणि पुढे-मागे असं सगळीकडे मोजा. कडप्पे क्वचितच ओळंब्यात असतात. त्यातलं सगळ्यात लहान माप धरा आणि त्यातून एक इंच वजा करा, कारण दोन्ही बाजूंच्या चॅनलला (ट्रॉली जिच्यावर सरकते त्या पट्टीला) अर्धा-अर्धा इंच लागतो. अंतर २० इंच असेल तर ट्रॉली १९ ची. पुढचं माप आणि मागचं माप पाव इंचाने जरी वेगळं निघालं तरी ट्रॉली अर्ध्यात अडकते. अशा ठिकाणी दगडाला आधी प्लायची पट्टी लावून बाजू समांतर करून घ्यावी लागते. मिस्त्री हे काम टाळतो, तुम्ही टाळू देऊ नका.

चॅनल पूर्ण बाहेर येणारं टेलिस्कोपिक घ्या. २४ इंच खोल ओट्याला २० इंचांचं चॅनल बसतं. भांड्यांच्या ट्रॉलीला ४५ किलो क्षमतेचं लावा. स्टीलच्या जाळीची ट्रॉली घेतली तर बिलावर ३०४ ग्रेड लिहून घ्या. चमचे आणि लहान डबे यांच्यासाठी मात्र जाळीपेक्षा बंद तळाची ट्रॉली बरी. जाळीत वाट्या कलंडतात, चमच्यांची टोकं खाली अडकतात आणि ट्रॉली उघडत नाही.

डब्यांचा अंदाज असा. एक किलो डाळीला सव्वा लिटरचा डबा लागतो. पीठ हलकं असतं, पाच किलो कणकेला नऊ-दहा लिटर लागतात. ट्रॉलीत ठेवायच्या डब्यांवर नाव झाकणावर लिहा, बाजूला लिहिलेलं वरून दिसत नाही.

वर्षाचं धान्य

मॉड्युलर किचनचे तयार आराखडे महिन्याच्या किराण्यासाठी काढलेले असतात. विदर्भात अजूनही अनेक घरी उन्हाळ्यात वर्षाचा गहू, तुरीची डाळ, तिखट भरलं जातं आणि त्याला आराखड्यात जागाच नसते. मग कोठी हॉलमध्ये नाहीतर पलंगाखाली जाते.

गणित साधं आहे. एक क्विंटल गव्हाला सुमारे १३० लिटर जागा लागते. म्हणजे २० इंच व्यासाची कोठी असेल तर आत २६ इंच उंची. झाकण धरून ती ओट्याखाली जाणार नाही, आणि गेली तरी गहू काढताना झाकण उघडणार नाही. त्याऐवजी ५० किलोच्या दोन कोठ्या करा. १६ इंच व्यासाच्या कोठीत ५० किलो गहू साडेवीस इंचांपर्यंत येतो. झाकण आणि खाली दोन इंची चाकांची चौकट धरून २५ इंच होतात. ही कोठी ओट्याखाली जाते आणि भरलेली असतानाही एका हाताने बाहेर ओढता येते. तिच्यासाठी १८ ते २० इंच रुंदीचा कप्पा ठेवा, त्याला तळाची फळी आणि समोरचा पाया दोन्ही नको, चाकं फरशीवरूनच आत जायला हवीत. सिंकच्या शेजारचा कप्पा मात्र या कामाला घेऊ नका. ओल पोचली की धान्याला कीड आणि बुरशी दोन्ही लागतात.

तिखट, मग ते भिवापुरी मिरचीचं असो की आणखी कुठलं, उजेड आणि उष्णता लागली की रंग सोडतं. मोठा साठा खालच्या थंड, अंधाऱ्या कप्प्यात ठेवायचा, आठवड्यापुरतं मिसळणाच्या डब्यात. सावजी रश्श्याचे खडे आणि काळे मसाले शेगडीच्या बरोबर वरच्या कपाटात ठेवायची पद्धत आहे, हाताशी येतात म्हणून. वाफेने तेच मसाले आधी गोळा होतात आणि मग वास सोडतात. शेगडीच्या डाव्या-उजव्या हाताला, दीड-दोन फूट बाजूला त्यांची जागा करा.

वरची कपाटं आणि लॉफ्ट

ओटा आणि वरच्या कपाटाचा तळ यांच्यात २० ते २४ इंच मोकळे हवेत. मिक्सर सर्वांत उंच भांडं लावून मोजा, त्यावर हाताची मूठ जाईल एवढी जागा धरा. कपाटाची खोली १२ ते १३ इंचांपलीकडे नेऊ नका. १५ केली की डबे दोन रांगांत लागतात, मागची रांग दिसत नाही आणि चिरायला वाकलं की कपाळ शटरला लागतं. चिमणीचं शेगडीपासूनचं अंतर साधारण २६ ते ३० इंच असतं. घेतलेल्या चिमणीच्या पुस्तिकेत दिलेलं माप अंतिम धरा.

समोर ओटा असताना पाच फुटी व्यक्तीचा हात आरामात पोचतो तो जमिनीपासून ६८ इंचांपर्यंत. ३३ च्या ओट्यावर २२ इंच सोडले तर कपाट ५५ ला सुरू होतं. म्हणजे खालच्या दोन फळ्या रोजच्या, तिसरी सणावाराची. वर उचलायचं शटर दिसायला छान असतं, पण उघडल्यावर त्याची मूठ साडेसहा फुटांवर जाते आणि बंद करायला स्टूल लागतं. घरातली सगळ्यात ठेंगणी व्यक्ती हात लावून सांगेल तेव्हाच ते घ्या.

लॉफ्टवर वजन ठेवायचं नाही. हलकं आणि जागा खाणारं सामान तिथे जाऊ द्या: कुरडया-पापडांचे हवाबंद डबे, पाहुण्यांची ताटं, रिकामे कोपर (मोठी पसरट भांडी). नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि वरच्या मजल्यावर स्लॅबची ती सगळी उष्णता लॉफ्टमध्ये उतरते. तिथे ठेवलेलं फल्लीचं (शेंगदाण्याचं) तेल, तूप, दाणे लवकर खवट होतात. लोणच्याच्या बरण्याही खालीच ठेवा, चढून-उतरून त्या फुटतात.

सिलिंडर, सिंक आणि माठ

१४.२ किलोचा सिलिंडर सुमारे १३ इंच व्यासाचा असतो. त्याला १६ इंच रुंद कप्पा, तळाची फळी नसलेला, आणि दारात अगदी खालच्या बाजूला जाळी हवी. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो. वरच्या बाजूला केलेली भोकं त्याला बाहेर काढत नाहीत. या कप्प्यात वीज-बोर्ड घेऊ नका. रबरी नळी पूर्ण दिसेल अशी ठेवा, ट्रॉल्यांच्या मागून फिरवू नका, आणि तिच्यावरची तारीख बघून पाच वर्षांत बदला. सिलिंडर नेहमी उभाच, आणि शेगडी त्याच्यापेक्षा वरच्या पातळीवर.

सिंकखाली ट्रॉली बसवू नका, दाराचं कपाट करा. बाटली-ट्रॅप (सांडपाण्याच्या पाइपचा बाटलीसारखा भाग) उघडायला प्लंबरचे दोन्ही हात आत जायला हवेत. पाइपांची भोकं सिलिकॉनने बंद करा.

माठाची जागा आधीच ठरवा, नाहीतर तो उन्हाळाभर कपाटाच्या प्लायवर ठिबकत बसतो. खिडकीजवळ, हवा लागेल अशा ठिकाणी दगडाचा दीड-दोन फूट उंच चौथरा, वर १६ ते १८ इंचांची चौकोनी जागा, आणि झिरपलेलं पाणी सिंककडे जाईल असा उतार. बंद कपाटात किंवा कोनाड्यात ठेवलेल्या माठातलं पाणी गार होत नाही, कारण बाहेरून पाणी सुकतं तेव्हाच आतलं थंड होतं.

लाकूड, फळ्या, बिजागऱ्या

लकडगंजला प्लाय घ्यायला जाल तेव्हा सिंकचा आणि खालचा सगळा भाग आयएस ७१० मानकाच्या मरीन प्लायचा घ्या, तो शिक्का प्रत्येक तावावर बघा. वरच्या कपाटांना आयएस ३०३ चा पाणीरोधक चालतो. सांगाडा १८ मिमीचा. फळीची लांबी आधाराशिवाय ३० इंचांच्या पुढे नको, डाळींच्या डब्यांनी ती वर्षभरात मधे झुकते. शटर ३ फुटांपेक्षा उंच असेल तर दोनऐवजी तीन बिजागऱ्या लावा.

शटरच्या चारही कडांना एज बँड (कडेची पट्टी) लागला आहे का हे खालून बोट फिरवून तपासा. खालची कड दिसत नाही म्हणून ती कोरी सोडतात. उन्हाळ्यात घरभर कूलरची दमट हवा फिरते, पाठोपाठ पावसाळा येतो, आणि प्लाय त्या कोऱ्या कडेतूनच फुगतो. मग शेजारची दोन शटरं एकमेकांना घासायला लागतात. बाहेरच्या भिंतीला लागून असलेलं कपाट भिंतीपासून अर्धा इंच सोडून बसवा.

सुताराचा शेवटचा हप्ता द्यायच्या आधी ट्रॉल्या रिकाम्या उघडून बघू नका. रिकामी ट्रॉली नेहमीच छान सरकते. खालच्या ट्रॉलीत कुकर, गंज, परात भरा, कोठीत गहू ओता, वरच्या फळीवर डबे लावा आणि दोन दिवस स्वयंपाक करा. भरलेली ट्रॉली पूर्ण बाहेर ओढून सोडल्यावर पुढचा भाग पाव इंचापेक्षा जास्त खाली येत असेल तर चॅनल हलकं लागलंय किंवा स्क्रू कमी आहेत. शटर अर्धं उघडून सोडा. ते आपोआप हलत असेल तर कपाट ओळंब्यात नाही. शेजारच्या दोन ट्रॉल्या एकाच वेळी उघडून बघा, आणि कोपऱ्यातली ट्रॉली उघडताना पलीकडच्या मुठीला अडत नाही ना तेही. दुरुस्त्या होऊन दुसऱ्यांदा सगळं भरून बघितलं की मग हिशेब पूर्ण करा, आणि उरलेल्या लॅमिनेटचा एक मोठा तुकडा व त्याचा नंबर घरात जपून ठेवा. पाच वर्षांनी एखादं शटर बदलायची वेळ आली तर तोच रंग त्या नंबरावरूनच शोधता येतो.